चिंचेनं घासलेले वीस पैसे

ज्या माणसानं ते चार स्क्रू काढले त्याला मी ओळखते. तो सज्जन आहे. संकष्टी करतो, खोटं बोलत नाही, कुणाच्याही घरच्या लग्नात वाढायला उभा राहतो आणि शेवटच्या पंगतीला जेवतो. स्क्रू काढायला त्यानं फळं कापायची सुरी वापरली, कारण कल्याण मंटपाच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या, स्वयंपाकघरात तीच हाताशी होती. हे त्यानं मला स्वतःहून, हसत हसत सांगितलं. त्याला वाटलं, मी आभार मानीन.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. माझा राग उतरलेला नाही आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. ‘सोडून द्या हो’ म्हणणारे बरेच भेटले. सोडून द्यायला सांगणाऱ्यांचं सहसा काही गेलेलं नसतं.

ज्यांना नाण्यांचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. टांकसाळ रोजच्या व्यवहारासाठी नाणी पाडते, तशी फार थोडी नाणी नुसती बघण्यासाठीही पाडते. त्यांना प्रूफ म्हणतात. ठसा आधी आरशासारखा घासतात, धातूची चकतीही घासतात, आणि जिथं एका दाबानं भागलं असतं तिथं दोनदा दाब देतात. मग नाणं असं निघतं की मोकळी जागा विहिरीच्या पाण्यासारखी काळीभोर दिसते आणि तिच्यावरचे सिंह किंचित दुधी. त्याला माणसाचं बोट लागायचं नाही, एवढा एकच नियम. बोटाला घाम असतो, घामात मीठ असतं आणि धातू ते विसरत नाही. लागलेलं बोट त्या दिवशी दिसत नाही. पंधरा दिवसांनी, महिन्यानं एक करडी सावली उमटते, मग तिच्यात रेषा दिसायला लागतात, आणि पुढं ते नाणं असेपर्यंत तो अंगठा असतो. मी पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, केमिस्ट्री शिकवत होते. गंज का चढतो हे मी इतक्या मुलांना शिकवलंय की झोपेतही सांगीन.

एवढी खटपट करून सरकारनं पाडलं काय, तर एक पैसा, दोन पैसे, तीन पैसे. ज्यात धड लिमलेटची गोळी येत नव्हती असं सहा कोपऱ्यांचं ॲल्युमिनियमचं नाणं मखमलीच्या पेटीत बसवून, वर तीन सिंह छापून पोस्टानं घरपोच पाठवलं. थाटामाटाची चेष्टा करायची मला जुनी खोड आहे, आणि इथं सरकारनं आपली चेष्टा आपणच करून ठेवली होती. म्हणून मला प्रूफ सेट आवडायला लागले. पुढं ते खरोखरच आवडायला लागले, ही गोष्ट वेगळी.

आणि नाण्यांपेक्षा जास्त आवडायला लागली ती त्यांची जुनी खोकी. हल्लीचे संग्राहक खोकं फोडतात, नाणी सुटी करतात आणि तपासायला पाठवतात. ती कडक प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन परत येतात, वर सत्तरपैकी मार्क छापलेले. मी जन्मभर मार्क दिले, त्यामुळं माझा मार्कांवर विश्वास नाही. मला आवडतं ते मखमलीच्या पेटीतलं मूळ खोकं: दोन पारदर्शक पट्ट्या, त्यांच्यामध्ये नऊ भोकांची निळी पट्टी, चार कोपऱ्यांना चार पितळी स्क्रू. पारदर्शक पट्टी आता मधासारखी पिवळी पडलेली असते. निळी पट्टी कुणीतरी हातानं कापलेली असते आणि पाच पैशाचं भोक हमखास तिरकं असतं. टांकसाळीतल्या त्या माणसाची दुपारची झोप मला त्या तिरक्या भोकात दिसते.

ज्याचे स्क्रू त्या सुरीनं निघाले, तो सेट माझा नव्हता. अण्णांचा होता.

अण्णा बेंगळुरूच्या बसवनगुडीत राहतात. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आले आणि परत जायचं विसरले, असं ते सांगतात. घरात मराठीच बोलतात, पण तिच्यात कानडी इतकं मुरलंय की माझ्यासारखी निपाणीकडची, दोन्ही भाषांत भांडू शकणारी बाईसुद्धा कधी कधी गोंधळते. वय पंच्याऐंशीच्या पुढं. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी ते मला अक्का म्हणतात. इकडची रीतच तशी आहे. नोकरी त्यांनी घड्याळांच्या कारखान्यात केली. बारीक स्क्रूंशी त्यांचा सारा जन्म गेला.

आमची ओळख नाणी जमवणाऱ्यांच्या एका बैठकीत झाली. तिथं मी एकटीच बाई होते. बाकीचे मला ‘मिस्टरांचं कलेक्शन आहे का?’ असं विचारायचे. अण्णांनी काहीच विचारलं नाही. मी त्यांना स्क्रू मूळचे आहेत का एवढं विचारलं आणि त्यांनी मला घरी कॉफीला बोलावलं.

पुढं त्यांच्या डोळ्यांच्या ऐन मध्यावर काळा डाग आला. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. दारातून कोण आलं ते कळतं, पण चेहरा नसतो. तेव्हापासून मी दर रविवारी सकाळी जाते आणि त्यांना नाणी वाचून दाखवते. त्याला आम्ही वाचणंच म्हणतो. मी कपाटातून एकेक सेट काढायचा, खिडकीपाशी तिरपा धरायचा आणि दिसेल ते सांगायचं: रुपयावर धूळ नाही, पंचवीस पैशाच्या कडेला सोनेरी झाक आली आहे, वीस पैसे पिवळ्याचे तांबूस व्हायला लागलेत. ते डोळे मिटून ऐकतात. मध्येच म्हणतात, “तांबूस कुठं? सिंहांच्या पायाशी की वरती?” मी बघून सांगते. मी जे सांगेन तेच त्यांना दिसतं. हे काम मी फार गंभीरपणे करत होते, एवढं नोंदवून ठेवते.

ज्या सेटबद्दल मी लिहितेय तो त्यांनी तरुणपणी टांकसाळीला पत्र लिहून मागवला होता. एक पैशापासून रुपयापर्यंत नऊ नाणी. आला तसा ठेवला. खोकं एकदाही उघडलं नाही. “पन्नास वर्षांवर झाली अक्का,” ते म्हणायचे, “एका माणसाचं बोट लागलेलं नाही त्याला. माझंपण नाही.” हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. दुसरी कशाची प्रौढी त्यांनी कधी मिरवली नाही.

आता मंडळ. बेंगळुरूत मराठी माणसं दोन जमली की मंडळ होतं आणि तीन जमली की त्यात फूट पडते. आमच्या मंडळाचे अध्यक्ष सर्जापूर रोडला राहतात, पुण्याहून आलेले, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी एकदा ऑक्टोबरात फोन केला.

“मॅडम, यंदा दिवाळी मेळाव्यात काहीतरी हटके करतोय. अण्णांचा सत्कार, आणि त्यांच्या त्या कॉइन सेटचं एक्झिबिशन. आपल्या लोकांचं कॉन्ट्रिब्यूशन दिसलं पाहिजे.”

“तीन पैशाचं नाणं पाडण्यात आपल्या लोकांचं काय कॉन्ट्रिब्यूशन?”

“मॅडम, तुम्ही ना! तुमचं आपलं काहीतरीच असतं. अण्णांना विचारा तर.”

अण्णा नाही म्हणतील या खात्रीनं मी विचारलं. ते म्हणाले, “मला दिसत नाही आता. ज्यांना दिसतंय त्यांनी तरी बघू दे की.”

“अण्णा, मंडळाची माणसं आहेत ती.”

“तू आहेस की. सरी, ठीक आहे, ने. पण ऐक. उघडायचा नाही. उन्हात ठेवायचा नाही. आणि तू त्याच्यापास्नं हलायचं नाही.”

“हलणार नाही. शपथ.”

“शपथ कशाला? नुसतं हलू नको.”

मेळावा दिवाळीच्या आदल्या रविवारी, बनशंकरीतल्या एका कल्याण मंटपात होता. निमंत्रणपत्रिकेवर अकरा नावं होती, मानाप्रमाणे मोठ्या-लहान अक्षरांत, नेत्रतपासणीच्या तक्त्यासारखी. अण्णांचं नाव सगळ्यात खालच्या ओळीत होतं. सत्कार त्यांचाच होता. प्रमुख पाहुणे एक उद्योजक होते, आणि त्यांचा नाण्यांशी संबंध असा की त्यांच्याकडं ती पुष्कळ होती.

मी सकाळी आठलाच सेट घेऊन पोचले. रिक्षात पिशवी मांडीवर धरली होती, रिक्षावाला विचारत होता, “एनु मेडम, मूर्तीया?” मी हो म्हटलं. व्यासपीठाच्या बाजूला टेबल, त्यावर पांढरी चादर, त्यावर सेट. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. दहा वाजेपर्यंत बसले. लोक येत होते, बघत होते. एका आजोबांनी नातवाला तीन पैसे दाखवले. “यात काय मिळायचं आजोबा?” “मार,” ते म्हणाले, “हरवले तर.” इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

मग अध्यक्ष आले. हातात भगवा फेटा.

“मॅडम, पाहुणे पाच मिनिटांत पोचतायत. गेटवर स्वागताला एक सीनियर लेडी पाहिजे. ग्रेसफुल. तुमच्याशिवाय कोण आहे?”

“मी इथून हलणार नाही.”

“अहो, पाच मिनिटं! कार्यवाह बसतील ना इथं.”

कार्यवाह म्हणजे तो सज्जन माणूस. तो लगेच म्हणाला, “ताई, जा तुम्ही. मी आहे. डोळ्यात तेल घालून बसतो.”

हे मला कुणावर ढकलता येत नाही. मी गेले. जन्मभर हारतुऱ्यांना हसले, शाल-श्रीफळ घेणाऱ्यांच्या नकला केल्या, आणि ‘ग्रेसफुल’ या एका शब्दावर उठले. मला फेटा बांधला. उभ्या असलेल्या एका गाडीच्या काचेत मी स्वतःला पाहिलं आणि, लिहायला लाज वाटते, मला तो शोभत होता. मी दुसऱ्यांदा पाहिलं.

पाच मिनिटांची चाळीस झाली. पाहुणे वाहतुकीत अडकले होते. बेंगळुरूत ही सबब खोटी ठरवता येत नाही. हातातल्या ओवाळायच्या ताटातलं निरांजन दोनदा विझलं. मग ते आले, ढोल वाजला, मी ओवाळलं, त्यांनी माझ्याकडं न बघता मान लववली. आम्ही वाजतगाजत आत आलो. अण्णा तोवर पहिल्या रांगेत येऊन बसले होते.

टेबलावर खोकं नव्हतं. त्या जागी तबक होतं. तबकात नऊ विड्याची पानं, प्रत्येक पानावर एक नाणं, प्रत्येक नाण्यावर हळद, कुंकू आणि अक्षता. शेजारी पंचामृताची वाटी, अर्धी रिकामी.

कार्यवाह माझ्याकडं बघून हसत होता. “ताई, सरप्राइज! पाहुण्यांच्या हस्ते लक्ष्मीपूजन. अभिषेक करून घेतला आधीच, वेळ नको जायला. आणि ते वीसचं किती काळवंडलं होतं हो! चिंच लावून घासलं. बघा आता, देवाच्या तांब्यासारखं झालंय.”

खरंच झालं होतं. पन्नास वर्षं लागलेला तो तांबूस रंग, जो मी रविवारी रविवारी वाचून दाखवत होते, तो त्यानं दोन मिनिटांत उतरवला होता. आरसा गेला होता. पिवळ्या नाण्यावर गोल गोल ओरखडे, आपल्या घरी समई घासल्यावर उठतात तसे. बाकीची आठ त्यानं पंचामृत पुसायला स्वच्छ धुतलेल्या पंच्यानं कोरडी केली होती. पंचा धुतलेला होता हे त्यानं आवर्जून सांगितलं.

मला तेव्हा ओरडता आलं नाही. आपल्याकडं नवी मोटार आली की चाकाखाली लिंबू ठेवतो, नवी वही आली की पहिल्या पानावर श्री काढतो. पैसा दिसला आणि दिवाळी असली की त्याला आंघोळ घालतो. त्या माणसाला त्यात काही वेगळं वाटलंच नव्हतं. जे बघायचं ते नुसतं बघता येतं, त्याला काही वाहावं लागत नाही, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दुष्टपणा असता तर भांडता आलं असतं. भक्तीशी कसं भांडायचं?

तेवढ्यात पाहुण्यांनी रुपया उचलला. फोटोग्राफर म्हणाला, “सर, जरा वर. सर, समोर धरा.” त्यांनी अंगठा बरोबर सिंहांवर टेकवला.

“हात लावू नका!”

हे मी ओरडले. समोर माइक होता. सगळ्या हॉलमध्ये माझा आवाज घुमला. पाहुण्यांनी रुपया पडू दिला नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगता येईल. अध्यक्षांनी माइक ओढून घेतला.

“आमच्या मॅडम टीचर होत्या हां. लॅबमध्ये असंच ओरडायच्या. सवय जात नाही!”

सगळे हसले. पाहुणे हसले. त्यांनी रुपया पुन्हा धरला आणि फोटो निघाला. त्यात मी मागं उभी आहे, तोंड उघडं, डोक्यावर फेटा.

मी अध्यक्षांना पडद्यामागं गाठलं.

“तुम्हाला कळतंय का काय झालं ते?”

“मॅडम, रिलॅक्स. धुऊन घेऊ ना.”

“धुऊन? याच्यापुढं धुवायचं नाही. काहीच करायचं नाही. जे गेलं ते गेलं.”

“मग दुसरा घेऊन देतो. ऑनलाइन मिळतात हो. मी चेक केलंय.”

“हा मिळत नाही. हा न उघडलेला होता.”

“आतली नाणी तीच असणार ना?” ते खरंच समजून घ्यायचा प्रयत्न करत होते, त्यामुळं मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग त्यांनी आवाज खाली आणला. “एक रिक्वेस्ट आहे. अण्णांना आज काही बोलू नका. सत्कार आहे त्यांचा. आणि तसंही, त्यांना दिसत नाही.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी दिलासा द्यावा तसं म्हटलं.

मी कार्यवाहाकडून खोकं मागितलं. तीन स्क्रू त्याच्या खिशात होते, चौथा केळीच्या पानाखाली सापडला. मी हातरुमालानं कडा धरून नाणी बसवली आणि त्याच्याच सुरीनं स्क्रू पिळले. तोवर बाहेर अण्णांना शाल पांघरली गेली होती. त्यांच्यावर तीन माणसं बोलली आणि तिघांनीही त्यांना ‘चालतंबोलतं नाणं’ म्हटलं. ते पहिल्या रांगेत परत येऊन बसले, तेव्हा मी शेजारी जाऊन बसले.

“अक्का, मघाशी ओरडलीस की. काय झालं?”

“काही नाही अण्णा. एक पोरगं टेबलावर चढत होतं.”

“सेट बघितला काय लोकांनी?”

“हो.”

“बरा आहे?”

“बरा आहे.”

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात जेवायला चला म्हणून पुकारा झाला. मी त्यांना हात धरून पंगतीला नेलं. होळिगी, म्हणजे पुरणपोळी, होती. मी खाल्ली.

रात्रभर मी मनातल्या मनात अध्यक्षांशी भांडले आणि प्रत्येक वेळी जिंकले. सकाळी उठून खोकं घेऊन बसवनगुडीला गेले. अण्णा ओसरीत बसले होते. त्यांच्या सूनबाईंनी कॉफी आणून ठेवली आणि त्या आत गेल्या. मी काही बोलायच्या आधी अण्णांनी हात पुढं केला. मी खोकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्यानं एकेक स्क्रूची खाच चाचपली. चार कोपरे, चार खाचा. घड्याळाच्या कारखान्यातली त्यांची शिस्त: बसवलेल्या स्क्रूंच्या खाचा सगळ्या एका दिशेला असल्या पाहिजेत. टांकसाळीतल्या माणसाचीही तीच शिस्त होती. मी सुरीनं बसवलेल्या चार खाचा चार दिशांना होत्या.

“अण्णा, काल...”

“सांग.”

मी सगळं सांगितलं. पंचामृत, पंचा, चिंच, अंगठा. संपल्यावर ते म्हणाले, “तू कुठं होतीस?”

“गेटवर. पाहुण्यांना ओवाळायला.”

“कशाला?”

“बोलावलं म्हणून. फेटा बांधला होता मला.”

“बरा बसला होता काय फेटा?”

मी कॉफीवरची साय बाजूला केली.

“काल ओरडलीस तेव्हाच कळलं मला,” ते म्हणाले. “डोळे गेलेत अक्का, कान आहेत. तू ‘हात लावू नका’ म्हणालीस. टेबलावर चढणाऱ्या पोराला कोण ‘नका’ म्हणतं? मी विचारलं तुला. दोनदा विचारलं. सांगशील म्हणून थांबलो.”

“तुमचा सत्कार होता अण्णा. अध्यक्ष म्हणाले...”

“अध्यक्ष म्हणाले!” हे ते इतक्या जोरात म्हणाले की सूनबाई दारात आल्या. “त्यांना नाण्यातलं काय कळतं? त्यांनी केलं ते अडाणीपणानं केलं. तुला कळत होतं. तू मला बरा आहे म्हणून सांगितलंस. मी काय बघायचं ते तू सांगतेस. अय्यो, तूच असं केलंस तर मी कुणाचं ऐकू?”

मी रडले नाही. रडण्यानं विषय माझ्यावर आला असता.

त्यांनी खोकं माझ्यापुढं केलं. “वाच.”

मी खिडकीपाशी गेले आणि वाचलं. एक पैसा, पुसल्याच्या आडव्या रेषा. दोन पैसे, तशाच. तीन पैसे, एका कोपऱ्यात हळद अडकलेली. वीस पैसे, गोल गोल ओरखडे. ते म्हणाले, “पुढं.” मी पुढं वाचलं. रुपयावर अजून काही दिसत नव्हतं. महिन्याभरानं दिसेल, असं मी सांगितलं, कारण आता मला एकही गोष्ट लपवायची नव्हती.

मग मला वाटलं, निदान एवढं तरी करावं. मी म्हटलं, “अण्णा, आता उघडलेलाच आहे. तुम्ही एकदा हात लावून बघता का? बोटांना कळेल सगळं, सिंह, आकडा...”

“त्यांनी लावला म्हणून मी लावायचा काय?” त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. “पन्नास वर्षं नाही लावला तो कुणी हात बांधून ठेवले म्हणून नव्हे.”

त्यांनी घड्याळजींचे स्क्रूड्रायव्हर मागवले. मी नाणी सरळ केली, कारण घाईत मी तीन उलटी बसवली होती. स्क्रू पुन्हा पिळले, चारही खाचा उभ्या. त्यांनी चाचपून पाहिल्या. मग सूनबाईंना हाक मारून आतून कालची शाल आणि नारळ आणायला लावला आणि दोन्ही माझ्या मांडीवर ठेवलं.

“हे देऊन ये.”

मी त्याच दिवशी सर्जापूर रोडला गेले. अध्यक्षांच्या संकुलाच्या गेटवर सुरक्षारक्षकानं फोनवर माझा फोटो काढला, वर कळवलं, वरून उत्तर आलं की साहेब मीटिंगमध्ये आहेत. मग त्यांचा मला फोन आला. “मॅडम, असं नका करू. शाल परत करणं म्हणजे इन्सल्ट आहे हो, मंडळाचा.”

“हो,” मी म्हटलं. “तेवढ्यासाठीच दीड तास बसमध्ये बसून आले.”

“आणि नारळ पण?”

“नारळ पण.”

सुरक्षारक्षकानं हिंदीत विचारलं, डिलिव्हरी आहे का? मी हो म्हटलं आणि दोन्ही त्याच्या टेबलावर ठेवून निघाले. पुढं मंडळाची स्मरणिका छापून आली. तिच्यात रंगीत पानावर तो फोटो आहे, खाली लिहिलंय: ‘प्राचीन नाण्यांचे विधिवत पूजन’. प्राचीन! मी पत्र पाठवलं, सेटचं काय झालं ते चार ओळींत लिहून, पुढच्या अंकात छापा म्हणून. छापलं नाही. कार्यवाह मात्र घरी आला, खरंच वाईट वाटून, डोळ्यांत पाणी आणून. “ताई, देवाचंच केलं ना मी?” मी त्याला चहा दिला आणि बसा म्हटलं नाही. त्याच्यावर मी अजूनही रागावलेली आहे. त्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावर तर जास्तच.

रुपयावरचा अंगठा पाचव्या आठवड्यात दिसायला लागला. मी तो अण्णांना वाचून दाखवला.

कारण मी अजून दर रविवारी जाते. त्यांनी ये म्हटलं नाही आणि येऊ नको असंही म्हटलं नाही. कॉफी येते. नाणी वाचून होतात. पण मी कपाटाशी जायला उठले की ते हाक मारतात, “सूनबाई, स्वल्प इकडं ये.” आणि मी दार उघडून खोकं काढून ते पुन्हा आत ठेवेपर्यंत त्या बिचाऱ्या ओले हात पदराला पुसत तिथं उभ्या राहतात. मी काहीतरी वाचते. “तांबूस नाही, पिवळंच आहे,” मी म्हणते. अण्णा आधी तोंड सूनबाईंकडं वळवतात आणि त्या हळूच म्हणतात, “हो मामा, पिवळंच आहे.”